मोटारीचा विमा : कोल्हापुरात प्रीमियम कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये

मोटारीच्या विम्याचा प्रीमियम दोन तऱ्हांनी कमी होतो. एका तऱ्हेत आपल्याला नको असलेली गोष्ट वगळली जाते, तर दुसऱ्या तऱ्हेत हवी असलेली गोष्टच कापली जाते. नूतनीकरणाच्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींचा आकडा सारखाच सुखावणारा दिसतो. त्यांतला फरक कळतो तो व्हीनस कॉर्नरच्या पाण्यात गाडी दोन दिवस उभी राहिल्यावर, किंवा गगनबावड्याच्या घाटात समोरून आलेल्या ट्रकने गाडीचे तोंड चेपल्यावर. कोल्हापुरात पहिल्यांदाच मोटार घेणाऱ्यांनी, अथवा वडिलांच्या नावावरची गाडी आता स्वतः सांभाळू लागलेल्यांनी, या दोन तऱ्हा वेगळ्या कशा ओळखाव्यात हे येथे क्रमाने मांडले आहे.

पायरी पहिली : प्रीमियमची फोड वाचावी

पॉलिसीच्या कागदावरील एकूण रक्कम बाजूला ठेवून आधी तिची फोड पाहावी. त्यातला पहिला भाग ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, आणि तो नसताना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. या भागाचे दर सरकार ठरवते, त्यामुळे ते सर्व कंपन्यांत सारखेच असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आकार आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. या भागात घासाघीस करण्याजोगे काहीही नाही, आणि ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच विकत घेऊ नये, कारण बनावट पॉलिसीची सुरुवात बहुधा अशाच वाक्याने होते.

दुसरा भाग ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, दंगल ही सगळी संकटे या भागात येतात. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले असून प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने सूट देते. बचत करायची ती याच भागात. तिसरा भाग जोडसंरक्षणांचा, ज्यांना सगळेजण ‘ॲड-ऑन’ म्हणतात. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईल.

नव्या गाडीच्या मालकांनी एक गोष्ट येथेच नीट पाहून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते, परंतु तिच्यासोबतचे ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचे असते. कागदावर ‘तीन वर्षे’ हे शब्द दिसल्यामुळे पुष्कळ लोक पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण करत नाहीत आणि गाडी पुढची दोन वर्षे स्वतःच्या नुकसानीच्या विम्याविना फिरत राहते. दोन्ही भागांच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. ओन डॅमेजची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते, त्यामुळे पहिल्या वर्षानंतर शोरूमने दिलेल्या कंपनीतच राहण्याचे बंधन नाही.

पायरी दुसरी : नो क्लेम बोनस ही स्वतःची कमाई समजावी

मोटारीच्या विम्यातील सर्वांत मोठी सूट कोणी एजंट देत नाही, ती आपली आपणच मिळवायची असते. वर्षभरात ओन डॅमेजचा एकही दावा केला नाही तर पुढच्या नूतनीकरणात त्या भागावर २० टक्के सूट मिळते; लागोपाठ दुसऱ्या वर्षानंतर ती २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि पाचव्यानंतर ५० टक्के होते. ही सूट थर्ड पार्टीच्या आकाराला लागू होत नाही. एक दावा केला की साधारणपणे हा बोनस थेट शून्यावर येतो.

याचा अर्थ आकड्यांतच पाहावा. समजा, बोनस धरण्यापूर्वी तुमच्या ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे, म्हणजे तुम्ही ६,००० रुपये भरता. महाद्वार रोडवर रिक्षा घासून गेली, दार चेपले, आणि तुम्ही ५,००० रुपयांचा दावा केला. पुढच्या वर्षी १२,००० भरावे लागतील, म्हणजे ६,००० जास्त. त्यापुढच्या वर्षी ९,६००, म्हणजे ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८०० आणि शेवटी ६०० जास्त. मूळ प्रीमियम तोच राहतो असे धरले, तर बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर येईपर्यंत ५,००० रुपयांच्या दाव्यापायी एकूण १५,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी जास्तीचा गेलेला असतो. प्रत्यक्षात गाडी जुनी होत जाते तसा मूळ प्रीमियम उतरतो आणि हा तोटा थोडा कमी होतो, पण दाव्यापेक्षा तो मोठाच राहतो.

म्हणून गाडीच्या लहान नुकसानीसाठी दावा करण्याआधी उद्यमनगरातल्या एखाद्या विश्वासू मेस्त्रीकडून डेंटिंग-पेंटिंगचा अंदाज घ्यावा, आणि तो खर्च येत्या दोन-तीन वर्षांत गमावल्या जाणाऱ्या बोनसपेक्षा कमी असेल तर स्वतः भरून मोकळे व्हावे. कोल्हापुरात ही सोय चांगली आहे, कारण येथे जुन्या कारागिरीची गॅरेजे अजून टिकून आहेत आणि बंपर, मडगार्ड किंवा दारावरचा पोचा काढण्यासाठी प्रत्येक वेळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे दर मोजावे लागत नाहीत. नवी गाडी वॉरंटीत असेल तर मात्र इंजिन व विजेच्या कामाला बाहेर हात लावू देऊ नये.

बोनसविषयी आणखी तीन नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, तो मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुनी गाडी विकून नवी घेताना जुन्या कंपनीकडून बोनसचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत चालते आणि नव्या गाडीच्या पहिल्याच प्रीमियमवर ती सूट लागते. नव्या गाडीचा प्रीमियम मोठा असल्यामुळे ५० टक्के बोनसचे हे एक पत्र काही हजार रुपये वाचवते, आणि तरीही शोरूमच्या घाईत ते मागायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दुसरा, मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो. तिसरा, मिळालेला दावा लपवून बोनस सांगू नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि खोटी माहिती उघड झाली की ऐन गरजेच्या वेळी दावा अडतो. मालकाच्या निधनानंतर गाडी पती, पत्नी, मुले किंवा आईवडिलांकडे आली असेल तर बोनस त्यांना मिळू शकतो. त्यासाठी आरसीवर नाव चढवून कंपनीकडे लेखी मागणी करावी.

पायरी तिसरी : आयडीव्ही घटवून पैसे वाचवू नयेत

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती. गाडीच्या सध्याच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढील गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी ‘टोटल लॉस’ मानली जाते.

ऑनलाइन दर पाहताना आयडीव्ही कमी-जास्त करण्याची सोय असते, आणि अनेकदा सर्वांत स्वस्त दिसणारा दर हा केवळ सर्वांत कमी आयडीव्हीचा दर असतो. हा मोह किती महाग आहे ते पाहावे. दर खुले होण्यापूर्वीच्या जुन्या दरपत्रकानुसार पाच वर्षांच्या आतील, १,००० ते १,५०० सीसीच्या आणि कोल्हापुरात नोंदलेल्या मोटारीला ओन डॅमेजचा दर आयडीव्हीच्या ३.१९१ टक्के आहे, आणि अनेक कंपन्या आपली सूट आजही याच दरावरून मोजतात. आयडीव्ही ६ लाखांवरून ५ लाखांवर आणली तर मूळ प्रीमियम ३,१९१ रुपयांनी उतरतो. कंपनी त्यावर निम्मी सूट देत असेल आणि तुमचा बोनस ५० टक्के असेल, तर खरी बचत जीएसटीसह सुमारे ९४० रुपयांची. या ९४० रुपयांसाठी, गाडी पुरात किंवा चोरीत गेली तर, एक लाख रुपयांवर पाणी सोडायचे आहे. दोन कंपन्यांचे दर तुलनेला घेताना दोन्हीकडे आयडीव्ही सारखीच धरावी. उलट, ती बाजारभावाहून फुगवूनही ठेवू नये. त्याने प्रीमियम वाढतो आणि हाती फारसे काही लागत नाही.

येथेच नोंदणीच्या ठिकाणाचा मुद्दा येतो. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, बंगळूर यांसारखी आठ शहरे ‘ए’ विभागात आणि उरलेला देश ‘बी’ विभागात आहे. एमएच ०९ क्रमांकाची गाडी बी विभागात येते, तर पुण्यात नोंदलेली गाडी कोल्हापुरात कायमची आली तरी तिचा दर नोंदणीच्या गावावरूनच ठरतो. ६ लाखांच्या गाडीत हा फरक मूळ दरावर साधारण साडेपाचशे रुपयांचा आहे, म्हणून केवळ त्यासाठी आरटीओचे खेटे घालण्याची गरज नाही.

पायरी चौथी : ॲड-ऑन निवडताना पंचगंगेचा विचार करावा

या पायरीवर थोडा वेळ द्यावा, कारण पुण्यातील नातेवाइकाचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात आले तेव्हा नागाळा पार्क, शाहूपुरी, रमणमळा, सुतारवाडा या भागांतील घरांसह त्यांच्या दारातल्या गाड्याही पाण्यात गेल्या, आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्यामुळे बाहेर काढलेल्या गाड्याही अडकल्या. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांना तर हे नवे नाही.

साध्या ओन डॅमेज विम्यात पुराने झालेले नुकसान धरलेले असते; सीट, वायरिंग, आतली सफाई यांचा खर्च त्यातून मिळतो. केवळ थर्ड पार्टी घेतलेल्याला मात्र पुरात एक रुपयाही मिळत नाही, मग गाडी कितीही जुनी असो. साधा विमा असूनही जो सर्वांत मोठा खर्च नाकारला जाऊ शकतो तो इंजिनाचा आहे. इंजिनात पाणी शिरले असताना कोणी स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होते. कंपनी त्याला पुराचे थेट नुकसान न मानता स्टार्टर मारल्याचा परिणाम मानते. हे संकट ‘इंजिन प्रोटेक्ट’ या ॲड-ऑनने झाकले जाते. जयंती नाल्याच्या किंवा नदीच्या पट्ट्यात राहणाऱ्या, अथवा रोज त्या पट्ट्यातून ये-जा करणाऱ्या माणसाने दुसरे सगळे ॲड-ऑन वगळले तरी हे वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲड-ऑन साधारणपणे पॉलिसी घेताना किंवा तिच्या नूतनीकरणातच मिळते, पावसाळा तोंडावर आल्यावर मधेच जोडून मिळत नाही. त्यामुळे नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये असले तरी पुढच्या जुलैचा विचार तेव्हाच करावा.

ॲड-ऑन घेतल्यानंतरही पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नये, कारण काही पॉलिसींच्या अटींत बुडालेली गाडी मालकाने सुरू केल्यास इंजिन प्रोटेक्टही लागू होत नाही. बॅटरीची तार काढता आली तर काढावी, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्यावेत, कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा आणि गाडी ओढत न नेता उचलून न्यावी. यापेक्षाही स्वस्त उपाय असा आहे: राजाराम बंधाऱ्यावरील पातळी रोज जाहीर होते, तिची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; इशारा पातळीकडे पाणी सरकू लागले की, ४३ ची वाट न पाहता, गाडी टेंबलाईच्या बाजूला किंवा उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडे नेऊन लावावी. दावाच करावा लागला नाही तर बोनसही शाबूत राहतो.

दुसरे महत्त्वाचे ॲड-ऑन ‘झिरो डेप्रिसिएशन’, म्हणजे घसाऱ्याची कपात टाळणारे. साध्या पॉलिसीत दुरुस्तीच्या वेळी रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के, फायबरच्या भागांतून ३० टक्के, आणि धातूच्या भागांतून गाडीच्या वयानुसार घसारा कापतात. काच मात्र पूर्ण मिळते. आजच्या गाड्यांचे दोन्ही बंपर, ग्रिल आणि दिव्यांची आवरणे प्लॅस्टिकचीच असतात, त्यामुळे समोरासमोरच्या साध्या धडकेतही या भागांची निम्मी किंमत मालकाच्या अंगावर येते. पहिली चार-पाच वर्षे, विशेषतः नुकताच शिकलेला माणूस गाडी चालवत असेल तर, हे ॲड-ऑन घ्यावे. त्यानंतर त्याचा आकार वाढतो, गाडीची किंमत उतरलेली असते, आणि ते सोडून दिले तरी चालते.

‘रिटर्न टू इनव्हॉइस’ गाडी पूर्ण गेल्यास खरेदीच्या बिलाची रक्कम देते. कर्जावर घेतलेल्या गाडीला पहिली दोन वर्षे त्याचा उपयोग आहे. चावी हरवणे, आतील सामान, टायर, रोजचा भत्ता ही संरक्षणे बहुतेकांनी वगळावीत. रस्त्यावरील मदतीची सेवा गाडी बनवणाऱ्या कंपनीकडूनच वॉरंटीसोबत मिळत असेल तर ती विम्यात पुन्हा घेऊ नये.

पायरी पाचवी : बारीक सवलती

प्रत्येक दाव्यात काही रक्कम मालकानेच सोसायची असते. १,५०० सीसीपर्यंत ती १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. याशिवाय आणखी २,५००, ५,०००, ७,५०० किंवा १५,००० रुपये स्वतः सोसण्याची तयारी दाखवली तर ओन डॅमेजवर सूट मिळते. ज्यांना लहान दावे करायचेच नाहीत, त्यांच्यासाठी ही सवलत योग्य आहे. मात्र किती रुपये सुटतात ते आधी पाहावे. तीनशे रुपयांच्या सुटीसाठी १५,००० रुपयांचा बोजा घेणे शहाणपणाचे नाही.

मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो एका माणसाला एकदाच लागतो. घरात त्याच नावावर मोटारसायकलही असेल आणि तिच्या पॉलिसीत हा विमा असेल, किंवा तेवढ्याच रकमेची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर मोटारीच्या अर्जात तसे जाहीर करून ही रक्कम वगळता येते. एजंट हे बहुधा आपणहून सांगत नाहीत.

पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसवलेले असेल तर थोडी सूट असते. केवळ त्यासाठी ते विकत घेणे परवडत नाही. अपंग व्यक्तीसाठी खास बदललेल्या आणि आरसीवर तशी नोंद असलेल्या गाडीला मात्र जुन्या दरपत्रकानुसार ओन डॅमेजवर ५० टक्के सवलत आहे, आणि ती हक्काने मागावी.

गाडी आठवड्यातून एकदा नृसिंहवाडीला किंवा जोतिबाला जाण्यापुरतीच बाहेर निघत असेल, तर ‘जेवढे चालवाल तेवढे भरा’ ही योजना विचारून पाहावी. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. वर्षाच्या किलोमीटरचा टप्पा निवडायचा आणि त्यानुसार ओन डॅमेज भरायचे, अशी तिची रीत आहे. टप्पा ओलांडण्याआधी जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात, म्हणून मागच्या दोन सर्व्हिसच्या पावत्यांवरील आकड्यांतून आपले खरे धावणे आधी काढावे.

पायरी सहावी : कोठून आणि केव्हा घ्यावा

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी तीन-चार ठिकाणचे दर एकाच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनसह लिहून घ्यावेत: सध्याची कंपनी, सरकारी क्षेत्रातील न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया यांपैकी एखादी, एखादी खासगी कंपनी, आणि तुलना करून देणारे संकेतस्थळ. शोरूममध्ये नवी गाडी घेतानाही विमा त्यांच्याकडूनच घ्यावा असे बंधन ते घालू शकत नाहीत. बाहेरच्या कंपनीचा लेखी दर दाखवला की शोरूमचा आकडा बहुधा खाली येतो.

दर पाहण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे कोल्हापुरात त्या कंपनीची कॅशलेस गॅरेजे, म्हणजे जेथे दुरुस्तीचे बिल कंपनी परस्पर भरते अशी गॅरेजे, कोणती आहेत हे पाहणे. यादीतील सर्वांत जवळचे गॅरेज पुण्यात किंवा बेळगावात असेल तर दोनशे रुपयांनी स्वस्त पॉलिसीचा उपयोग नाही. अपघातानंतर आधी सगळे बिल स्वतः भरून मग कंपनीच्या मागे लागावे लागते. आपण ज्या सर्व्हिस सेंटरला जातो तेथील विम्याचे काम पाहणाऱ्या माणसाला, कोणत्या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) वेळेवर येतो आणि कोणाची मंजुरी रखडते, हे सरळ विचारावे. तो रोज हेच पाहत असतो.

मुदत एक दिवसही ओलांडू देऊ नये. खंड पडला की कंपनी गाडीची तपासणी मागते, काही वेळा ॲड-ऑन नाकारते, आणि त्या मधल्या दिवसांत काही घडले तर भरपाई मिळत नाही. पैसे भरताना ते कंपनीच्या खात्यातच जात आहेत याची खात्री करावी, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवू नयेत. पॉलिसीवरील क्यूआर कोड स्कॅन करून आणि एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकून विम्याची नोंद पडताळावी.

पायरी सातवी : माहिती लपवून मिळालेली बचत टिकत नाही

सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीत दोन्हीकडे हवी. जुन्या दरपत्रकानुसार त्यासाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीवर ६० रुपये इतकाच जादा आकार पडतो. तो चुकवल्यास गाडीला आग लागल्यावर सगळा दावाच वादात सापडतो.

खासगी क्रमांकाची गाडी पैसे घेऊन गणपतीपुळ्याला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर धरलेला नसतो, त्यामुळे अशा फेरीत अपघात झाला तर कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते, आणि प्रवाशांच्या भरपाईचा भार मालकावर येण्याचा धोका राहतो. भाडे मिळवायचे असेल तर पिवळ्या पाटीचा परवाना आणि त्याचा विमा घ्यावा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव चढवण्याबरोबरच, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. तसे केले नाही तर थर्ड पार्टीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आधीच्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो, म्हणून त्याच्या फरकाची रक्कम भरावी लागेल हे व्यवहार ठरवतानाच हिशेबात धरावे.

पायरी आठवी : पॉलिसी हाती आल्यावर

नाव, गाडीचा क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक, इंधनाचा प्रकार, बोनसची टक्केवारी, ॲड-ऑनची नावे आणि कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद आरसीशी ताडून पाहावी. चूक आढळली तर लगेच मेल करून दुरुस्तीचे एन्डॉर्समेंट (पॉलिसीतील बदलाचा लेखी कागद) मागावे. फोनवर झालेले बोलणे पुरावा ठरत नाही. पॉलिसी मधेच रद्द करावीशी वाटली तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात पैसे परत मिळतात, मात्र थर्ड पार्टीत खंड पडू नये म्हणून आधी दुसरी पॉलिसी सुरू झालेली असावी.

दावा नाकारला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर आयआरडीएआयच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतरचा मार्ग विमा लोकपालाचा आहे. कोल्हापूर जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो, तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत, गॅरेजचे बिल, पाण्यातील किंवा अपघातस्थळीचे फोटो आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार एकत्र लावून ठेवला असेल तर हा अर्ज एका संध्याकाळी घरबसल्या भरता येतो.